जुनं घर आणि समोर झाडांची वाट: साफसफाईबद्दलचे तुमचे प्रश्न

प्रश्न: घरासमोरच झाडांमधून जाणारी फिरायची वाट आहे. सकाळी खिडकी पुसली की दुपारपर्यंत परत पिवळी पूड. पडद्यावरची पूड ओल्या फडक्याने पुसली तर डागच पडला.

ते परागकण आहेत. कापडावर ओलं फडकं घासलं की पिवळा रंग धाग्यात उतरतो आणि मग निघता निघत नाही, म्हणून पडदा आधी बाहेर नेऊन झटका, उरलेली पूड चिकटपट्टीने उचला, मगच थंड पाण्यात टाका. खिडकीच्या कट्ट्याला मात्र ओलसर मायक्रोफायबरच हवं, कोरड्या झटकणीने पूड नुसती उडते आणि तासाभराने परत तिथेच बसते. फडक्याची चौपदरी घडी घाला, एक बाजू मळली की दुसरी. व्हॅक्यूम वापरत असाल तर हेपा फिल्टरचा बघा, ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, ९९.९७ टक्के कण त्यात अडकतात, साधा जुना व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो. आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, चांगला पाऊस पडून गेला की उघडा.

प्रश्न: खिडकीच्या लाकडी चौकटीचा रंग सुटलाय, खाचेत पांढरट भुकटी साठते. पॉलिश पेपरने घासून साफ करू का?

नका करू, प्लीज. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, अमेरिकेत घरांच्या रंगात त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत तर त्याहूनही उशिरा. खिडकी रोज वरखाली किंवा आतबाहेर होते, लाकडावर लाकूड घासतं आणि रंगाची भुकटी होते. एकदा खाचेत बोट फिरवून बघा, टोकाला खडूसारखी पावडर लागेल, त्यात पानांचा चुरा आणि माती मिसळलेली असते म्हणून ती साधी धूळ वाटते. रांगतं मूल त्याच कट्ट्याला धरून उभं राहतं आणि हात तोंडात घालतं, मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते, कारण लहान मुलांच्या मेंदूला थोडंसं शिसंही बाधतं. आधी रंगाची तपासणी करून घ्या. तोवर झाडू नाही, कोरडं घासणं नाही, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कागदी टॉवेलने खाच पुसायची, टॉवेल पिशवीत बांधून टाकायचा, हात धुवायचे. शिसं निघालं तर रंग खरवडायचं काम त्यातल्या जाणकारालाच द्या.

प्रश्न: दारातल्या संगमरवरावर ओली पानं पडून तपकिरी डाग पडलेत. व्हिनेगर चालेल?

अजिबात नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं, डाग तसाच राहतो आणि चकाकी जाते ती जातेच. डाग पानांमधल्या टॅनिनचा आहे. दगड फिका असेल तर खाण्याचा सोडा आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून दाट लेप लावा, वर प्लास्टिक झाका, दुसऱ्या दिवशी पुसून घ्या. आधी कोपऱ्यात करून बघा. आणि कुणी सांगितलं म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

प्रश्न: कपाटामागे भिंतीवर काळे ठिपके, पुसले तरी पंधरा दिवसांत परत येतात.

ती बुरशी आहे, नुसतं पुसून ती जाणारच नाही, ओल कुठून येते ते शोधा. झाडांजवळच्या घरात मी पहिल्यांदा छपराची पन्हळ बघते, पानांनी तुंबली की पाणी काठावरून भिंतीवर उतरतं आणि जुनी भिंत ते पिऊन घेते. पन्हळ पानगळीत दोन-तीनदा तरी साफ करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहील असं बघा. ठिपके मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. घाईने वर प्लास्टिक पेंट मारू नका, चुन्याच्या गिलाव्याला श्वास घ्यायला लागतो, ओल आत कोंडली की वर्षभरात फुगे येतात.

प्रश्न: रोज फिरून आल्यावर माती घरात येते, सारखं पुसायचं का?

माती दारातच थांबवा. बाहेर खरखरीत पायपुसणं, आत मऊ आणि लांब, म्हणजे दोन्ही पाय दोनदा तरी त्यावर पडतील, आणि बूट तिथेच. लाकडी फ्लोअरिंग असेल तर आधी माती व्हॅक्यूमने उचला, मग घट्ट पिळलेलं फडकं, बादलीभर पाणी ओतलं तर फळ्या फुगतात. पायपुसणं मात्र दर दोन दिवसांनी बाहेर नेऊन झटका, भरलेलं पायपुसणं स्वतःच माती वाटत बसतं.