सोळा वर्षांचा अनुभव, चोवीस हजार पगार: नर्सताईंनी कायद्यात काय शोधावं?

प्रश्न: मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) झालेली नर्स आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, ट्रस्टच्या १२० खाटांच्या हॉस्पिटलमध्ये १६ वर्षं नोकरी झाली. सध्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. पगार २४,००० रुपये: बेसिक ८,०००, घरभाडे ८,०००, कन्व्हेयन्स ५,०००, युनिफॉर्म-धुलाई ३,०००. नुकत्याच पास झालेल्या मुलींना २१,००० वर घेतलं आणि माझ्याच युनिटमधल्या चार वर्षं अनुभवाच्या ब्रदरला (पुरुष नर्सला) २७,००० मिळतात. रिलिव्हर (पुढच्या शिफ्टची नर्स) आली नाही की महिन्यातून तीन-चार वेळा डबल शिफ्ट करावी लागते. त्याचे पैसे मिळत नाहीत, 'ऑफ घ्या' म्हणतात आणि तो ऑफ कधी मिळतच नाही. पगारवाढ मागितली तर 'ही सेवाभावी संस्था आहे, परवडत नसेल तर सोडा' असं उत्तर आलं. माझे मूळ सर्टिफिकेट्स ऑफिसात जमा आहेत. 'खासगी नर्सलाही सरकारी पगार द्या, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याच्या आधारे नोटीस पाठवू का?

उत्तर: ताई, त्या मेसेजच्या भरवशावर नोटीस पाठवू नका. त्यात अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर हॉस्पिटलचा वकील पहिल्याच उत्तरात बोट ठेवेल.

खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या हलाखीबद्दल ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया सुप्रीम कोर्टात गेली होती. २९ जानेवारी २०१६ रोजी कोर्टाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीने खाटांच्या संख्येवर पगार बांधून दिला. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार. १०० च्या वर असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपर्यंत सूट, आणि ५० च्या आतल्या हॉस्पिटललाही २०,००० च्या खाली जाता येणार नाही. तुमचं हॉस्पिटल १२० खाटांचं, म्हणजे दुसऱ्या गटातलं. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) सातव्या वेतन आयोगातली श्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. त्यातून १० टक्के वजा केले तरी ३१,८६० होतात आणि तेही नोकरीच्या पहिल्या दिवशी. तिथे दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, शिवाय १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगतीचा लाभ, म्हणजे बढती नसली तरी वरची श्रेणी. तुम्ही १६ वर्षांनंतर २४,००० वर आहात.

तेव्हा हा पगार न्याय्य आहे का, असं विचाराल तर माझं उत्तर 'नाही' आहे, आणि ते द्यायला मला वकिलीची सनद लागत नाही. अडचण पुढे आहे. हा कोर्टाचा आदेश नाही, या समितीच्या फक्त शिफारशी आहेत. केंद्राने त्या राज्यांकडे पाठवल्या, पण त्या कायद्यात किंवा अधिसूचनेत उतरवणं राज्यांवर होतं. केरळमध्ये २०१७ साली नर्सेस संपावर गेल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढून खासगी नर्सचं बेसिकच २०,००० केलं. कोर्टाचा निकाल केरळला आणि महाराष्ट्राला सारखाच होता. फरक रस्त्यावर उतरलेल्या संघटनेने पाडला. तुमच्या नोटिशीत 'सुप्रीम कोर्टाचा आदेश मोडला' असं लिहिलं तर ते टिकणार नाही. 'समितीच्या शिफारशीप्रमाणे पगार द्यावा' ही मागणी म्हणून मात्र जरूर लिहा.

'समान कामाला समान वेतन' हेही तुमच्या डोक्यात असणार. २०१६ च्या जगजित सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारकडच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन देवविलं. पण तिथे मालक सरकार होतं आणि आधार राज्यघटनेचा होता. खासगी मालकाला 'हिची वर्षं मोज आणि तेवढे पैसे दे' असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. नव्या मुलीत आणि तुमच्यात फक्त तीन हजारांचा फरक असणं अपमानास्पद आहे, पण तेवढ्यावर दावा उभा राहत नाही.

ब्रदरच्या पगारावर मात्र राहतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे आणि तुम्ही ती तक्रारीच्या ओघात जाता जाता लिहून टाकली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्या कलम ३ प्रमाणे एकाच मालकाकडे सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेद करता येत नाही. सारखं काम कशाला म्हणायचं, तेही तिथे सांगितलंय: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी लागते ते काम. १९७६ च्या समान वेतन कायद्यात 'अनुभव' नव्हता, तो संहितेने आणला. म्हणजे १६ वर्षांना कायदा थेट पैसे देत नसला तरी या तुलनेत ती तुमच्या बाजूला येऊन बसतात. त्याच आयसीयूत, त्याच व्हेंटिलेटरच्या पेशंटवर, चार वर्षांच्या ब्रदरला तुमच्यापेक्षा ३,००० जास्त का, याचं उत्तर हॉस्पिटलला द्यावं लागेल. 'तो पेशंट उचलतो', 'तो नाइटला हरकत घेत नाही' ही ठरलेली उत्तरं येतील. तुम्हीही नाइट करता आणि पेशंट कूस बदलायला तुम्हीही हात लावता, हे ड्युटी चार्टवरून दाखवा. या तुलनेत घरभाडे आणि कन्व्हेयन्सही पगारात धरले जातात, त्यामुळे भत्त्यांची फिरवाफिरव इथे कामाची नाही. ब्रदरचा पगार कापून बरोबरी साधायलाही कायद्याने मनाई आहे, तेव्हा त्याच्याशी वैर घ्यायचं कारण नाही. उलट त्याची पगारस्लिप मिळाली तर तो तुमचा सगळ्यात उपयोगी साक्षीदार ठरेल.

'परवडत नाही' हा बचाव मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने लेडी स्टेनोग्राफरच्या खटल्यात घेऊन पाहिला होता. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला.

आता तुमची पगारस्लिप. ती वाचून मला हसू आलं, कारण २४,००० च्या पगारात बेसिक ८,००० ठेवायला बराच विचार करावा लागतो. बेसिक लहान ठेवलं की पीएफ लहान, ग्रॅच्युइटी लहान, ओव्हरटाइमही लहान. नव्या संहितेने यालाच चाप लावला आहे. घरभाडे, कन्व्हेयन्स यांसारखे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम 'वेतन' म्हणून धरायची. तुमचे भत्ते १६,०००, पगाराचं निम्मं १२,०००, म्हणजे वरचे ४,००० वेतनात येतात आणि तुमचं कायदेशीर वेतन १२,००० होतं.

याचे दोन परिणाम. पहिला किमान वेतनाचा. महाराष्ट्रात रुग्णालयांसाठी किमान वेतनाचे वेगळे दर आहेत. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग, शहराप्रमाणे परिमंडळ आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. तुम्ही जीएनएम, नोंदणीकृत, म्हणजे 'कुशल'. कामगार खात्याच्या वेबसाइटवरून तुमच्या परिमंडळाचा चालू तक्ता काढा आणि 'कुशल'समोरची मूळ दर अधिक विशेष भत्ता अशी बेरीज करा. ती २४,००० शी ताडून 'आपण वरच आहोत' असं समजू नका. संहितेप्रमाणे किमान वेतनाच्या हिशोबात घरभाडे आणि कन्व्हेयन्स धरायचे नाहीत, त्यामुळे तुलना १२,००० शी करायची. हॉस्पिटल जुन्या निकालांवर बोट ठेवून 'एकूण पगार बघा' म्हणेल. पण ते निकाल जुन्या कायद्याच्या व्याख्येवरचे आहेत आणि माझ्या मते तुमची बाजू बळकट आहे.

दुसरा परिणाम ग्रॅच्युइटीचा. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. ८,००० धरले तर १६ वर्षांचे ७३,८४६ होतात, १२,००० धरले तर १,१०,७६९. साधारण ३७,००० चा फरक आहे आणि तो न मागता कुणी देणार नाही.

डबल शिफ्टबद्दल तुमच्या मनात संकोच दिसतो: 'पेशंट सोडून कसं जायचं?' जाऊ नका, पण पैसे मागा. नेहमीच्या कामाच्या तासांपलीकडे काम झालं की दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. तोंडी दिलेल्या ऑफने तो फिटत नाही. १२,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला ५७ रुपये ६९ पैसे, दुप्पट ११५ रुपये ३८ पैसे. म्हणजे एका जादा शिफ्टचे किमान ९२३ रुपये. महिन्याला चार धरल्या तर ३,६९२ रुपये, तुमच्या आणि ब्रदरच्या पगारातल्या फरकापेक्षाही जास्त.

पुरावा तुमच्याच वॉर्डात आहे. ड्युटी चार्टवर तुमच्या नावापुढे 'एम' (सकाळ) खोडून 'एम+ई' (सकाळ आणि संध्याकाळ) केलेलं असतं. हँडओव्हर बुकात सकाळी साडेसातला घेतल्याची सही तुमची आणि रात्री दिल्याचीही तुमचीच. फोटो काढा, पण पेशंटची नावं आणि केस पेपर फोटोत येऊ देऊ नका, नाहीतर गोपनीयता मोडल्याचा आरोप करून तुम्हालाच चौकशीला उभं करतील. बायोमेट्रिकचे पंच हॉस्पिटलकडेच असतात. काळजी नको. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे.

अर्ज सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. तिथे तुमचा दावा कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालेल ते सांगतील. दावा मान्य झाला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. दहापट मिळेल असं धरून कर्ज मात्र काढू नका. मुदत तीन वर्षांची आहे, पण संहिता लागू होण्याआधीच्या थकबाकीला जुना कायदा लागतो असं समोरून सांगितलं जाईल आणि जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहाच महिन्यांची होती. म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या आणि नंतरच्या शिफ्ट्स दोन वेगळ्या तक्त्यांत मांडा. एकत्र खिचडी केलीत तर नंतरचा भक्कम दावाही लोंबकळेल.

'तुम्ही इन्चार्ज आहात, कामगार नाही' हा हरकतीचा मुद्दा हमखास येणार. वरच्या दाव्यांना तो लागू होत नाही, कारण वेतन संहितेच्या 'कर्मचारी' या व्याख्येत पर्यवेक्षकही येतात. मालक-कामगार वादांच्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र १८,००० च्या वर वेतन घेणारा पर्यवेक्षक कामगार धरत नाहीत. तुमचं वेतन १२,००० ठरलं तर तो अडसरही उरत नाही. उद्या ते २४,००० च धरा म्हणाले, तरी कोर्ट हुद्द्याची पाटी बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. सलाइन लावणारी, सक्शन करणारी, इन्फ्युजन पंप सेट करणारी बाई ड्युटी लावते म्हणून पर्यवेक्षक होत नाही.

'सेवाभावी संस्था' हा बचाव जास्त गंभीर आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालापासून हॉस्पिटल 'उद्योग' मानलं जात होतं, म्हणजे मालक-कामगार वादाचा कायदा त्याला लागू होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि सेवाभावी कामात पूर्णतः किंवा बहुतांशी गुंतलेल्या संस्थांना 'उद्योगा'तून वगळलं आहे. तुमचा ट्रस्ट खरंच 'बहुतांशी सेवाभावी' आहे का, हे त्याच्या हिशोबावरून आणि पेशंटच्या बिलांवरून ठरेल. पण समान वेतन, किमान वेतन, ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी यांना ट्रस्ट म्हणून माफी नाही.

शिफारशीप्रमाणे पगारवाढीची मागणी एकटीने करता येत नाही. किमान वेतनाच्या वरची वाढ हा सामूहिक वाद असतो, त्यासाठी संघटना लागते. २१,००० वाल्या मुलींना शत्रू समजू नका. त्यांच्या सह्यांशिवाय तुमचं पत्र मेट्रनच्या टेबलावरून पुढे सरकणार नाही.

सर्टिफिकेट्स आधी सोडवा, बाकी सगळं नंतर. मालकाला ती अडकवून ठेवायचा कोणताही हक्क नाही. 'नोंदणी नूतनीकरणासाठी मूळ कागद हवेत' एवढंच साधं पत्र द्या, पगाराचा उल्लेख नको, आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. सात दिवसांत मिळाली नाहीत तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, नंतर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. कागद हातात आल्यावरच पगाराची नोटीस. मधल्या काळात ऑफिसने नवं नेमणूकपत्र किंवा 'सर्व रक्कम मिळाली' असा कागद पुढे केला तर घरी नेऊन वाचते म्हणा आणि सही करू नका. रागाच्या भरात राजीनामाही लिहू नका. तो द्यायचाच झाला तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत देणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. पण ग्रॅच्युइटीच्या अर्जात वेतनाच्या रकान्यात तुम्ही स्वतः ८,००० लिहू नका, १२,००० लिहा.