'अलब्धभूमिकत्व'मधली भूमिका कोणती?

प्रश्न असा आला आहे: पातंजल योगसूत्रांचं मराठी विवरण वाचताना 'अलब्धभूमिकत्व' या शब्दापाशी अडलो. भूमिका म्हणजे नाटकातलं काम किंवा एखाद्या वादातली आपली बाजू. ती साधकाला 'न लाभणं' म्हणजे काय?

हा शब्द समाधिपादाच्या, म्हणजे योगसूत्रांच्या पहिल्या भागाच्या, 30व्या सूत्रातला. व्याधीपासून सुरू होणाऱ्या नऊ अंतरायांत, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांत, तो आठवा. इथली भूमिका नटाचीही नाही आणि वक्त्याचीही नाही. 'भूमी'चा एक जुना अर्थ मजला, टप्पा असा आहे. संस्कृतात सात मजली वाड्याला 'सप्तभूमिक' म्हणत. मराठीने त्या अर्थाला 'मजला' घेतला आणि भूमिकेकडे नटाचं काम आणि मत एवढंच उरलं. प्रवचनांत मात्र 'ज्ञानाच्या सात भूमिका' अजून ऐकू येतात. शुभेच्छा, विचारणा, तनुमानसा अशी त्यांची सुरुवात होते. तिथे जुना अर्थ शाबूत आहे.

म्हणजे अलब्धभूमिकत्व = साधना चालू असूनही समाधीचा टप्पा हाती न येणं.

पण खरी गंमत पुढच्याच, नवव्या शब्दात आहे: अनवस्थितत्व. टप्पा लाभला, पण चित्त तिथे ठरत नाही. 'परवा छान ध्यान लागलं होतं, आज काही केल्या लागत नाही,' असं साधक म्हणतो, ते हेच. सूत्रकारांनी याला आठव्यात न मिसळता वेगळा अंतराय मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पोहोचणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

आता धातूकडे पाहा. अनवस्थितत्वात 'स्था' आहे. व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरचं जुनं विवरण, त्याचा अर्थ सांगताना 'अप्रतिष्ठा' म्हणतं, पुन्हा 'स्था'. अभ्यासाची व्याख्याच मुळी 'तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः' (1.13), म्हणजे स्थिर राहण्याचा यत्न. आज आपण सर्रास 'साधनेत प्रगती झाली' म्हणतो. प्रगतीत 'गम्' आहे, पुढे जाणं आहे. सूत्रांचा भर उभं राहण्यावर आहे. लगेच पुढच्या सूत्रात हा अभ्यास 'दृढभूमि' कसा होतो ते येतं: दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने केला तर. 'दृढभूमि' हा बहुव्रीही समास आहे, हे विवरणांत अनेकदा निसटतं. ज्याची भूमी पक्की आहे असा अभ्यास. असा अभ्यास जुन्या चंचल संस्कारांनी झटकन दबत नाही, असं भाष्य म्हणतं.

मग चढण्याचं काय? तेही आहे. विभूतिपादात, म्हणजे तिसऱ्या भागात, 'तस्य भूमिषु विनियोगः' (3.6), म्हणजे संयमाचा वापर टप्प्याटप्प्याने करावा, असं येतं (संयम म्हणजे इथे आवर घालणं नव्हे, तर एकाच विषयावर धारणा, ध्यान आणि समाधी) आणि त्यावर भाष्यकार बजावतात की खालची भूमी न जिंकता मधली ओलांडून कुणाला टोकाच्या भूमीवर संयम साधत नाही. मात्र ईश्वरकृपेने वरची लाभली असेल, तर खाली परतून दुसऱ्याचं मन ओळखण्यासारख्या गोष्टींत गुंतू नये, असंही तिथेच म्हटलं आहे. क्रम आहे, पण प्रत्येक पायरी मोजत बसायची सक्ती नाही.

भाषांतरात मी 'भूमिका' हाच शब्द ठेवेन, पहिल्या वेळी 'टप्पा' असा खुलासा देऊन. 'पातळी' टाळेन, त्यात उंची कळते, पण पाय टेकायला जमीन मिळाल्याचा अर्थ जातो. आणि क्रियापद 'लाभणे' किंवा 'जिंकणे' घ्यावं. सूत्रात आणि भाष्यात तीच दोन आहेत.