त्याच्या आधी त्याच्या घरी जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीस दिवसांचा पॅरोल, म्हणजे कारणापुरती जेलबाहेरची रजा, मंजूर झालेला माणूस अकराव्या दिवशी आपल्या पायांनी जेलच्या गेटवर जाऊन ‘मला आत घ्या’ म्हणाला, याचा तुला धक्का बसलाय. समुपदेशन झालं होतं, किराणा भरून दिला होता, गवंड्याच्या हाताखाली कामही बघून ठेवलं होतं. मग बिनसलं कुठे, असं विचारतेस. मला एवढंच सांग, तो यायच्या आधी त्याच्या घरी कोण गेलं होतं? पाच पानांच्या पत्रात हे कुठेच नाही. म्हणजे कुणी गेलं नव्हतं.

फर्लोचे, म्हणजे काही शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या नेमाच्या रजेचे, दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत, हे १९५९ च्या नियमांपासून चालत आलंय, तुला पाठच असेल. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. कोर्टात हा मुद्दा दोन ओळींत संपतो. जन्मठेपेच्या माणसाला मात्र तो रोज संध्याकाळी आठवतो, कारण आज घरी काढलेला दिवस पुढे कधीतरी आत काढावाच लागणार. घर आपलं वाटलं तर माणूस हा सौदा आनंदाने करतो. नाही वाटलं तर अकराव्या दिवशी उठून जातो. तू याला पळपुटेपणा म्हणतेस, मला तो हिशेब दिसतो.

आणि घर आपलं का वाटलं नाही, ते तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं. जामीनदार कोण, हे कागदावर तुला दिसलं: सख्खा भाऊ. जमीन सध्या कोण कसतंय? तोच. म्हणजे ज्याच्या सहीवर हा बाहेर आला, त्याच्याकडेच वाटणीचा विषय काढायचा. हा वेळेवर परतला नाही तर जामिनाची रक्कम भावाची जाणार, म्हणून भाऊ पहिल्या दिवसापासून तारखा मोजतोय. बायको इतकी वर्षं मजुरी करून घर चालवतेय. पोराच्या शाळेपासून बचत गटाच्या हप्त्यापर्यंत सगळं तिच्या हातात आहे, आणि हा आल्या आल्या ‘मला का विचारलं नाही’ म्हणून बसतो. पोराला सांगून ठेवलंय की बाप पुण्याला कंपनीत आहे. यातलं काहीही समुपदेशनाच्या खोलीत निघत नाही. ओसरीवर बसलं की तासाभरात निघतं.

म्हणून सांगते, आधी घरी जा. अर्ज जेलमधून निघाला की जा, मंजुरीची वाट बघू नकोस. पोलीस ठाण्याचा अहवाल येतो तो शेवटी पोलीस पाटलाला आणि चार शेजाऱ्यांना विचारूनच. ‘आल्यास शांतता भंग होईल’ हे वाक्य तिथेच जन्माला येतं आणि मग वर्षभर त्याच्यामागे फिरतं. त्या चौघांशी बोललेलं कुणीतरी असायला हवं.

तू विचारशील, आणि त्याच्या गुन्ह्यात ज्यांचा माणूस गेला त्यांच्या घराचं काय? तिथेही जायचं. मला आयुष्यभर ‘कैद्यांची वकील’ म्हणून हिणवलं गेलंय. हिणवणाऱ्यांपैकी किती जण त्या दुसऱ्या उंबऱ्यावर गेले होते, हे मी कधी विचारलं नाही, आता विचारावंसं वाटतं. तिथे माफी मागायला जायचं नाही, कुणाची बाजू सांगायलाही नाही. तो अमुक तारखेला येतोय, अमुक तारखेला जाणार आहे, एवढं सांगायचं आणि ऐकून घ्यायचं. त्यांना तो जत्रेत नको असतो, पाणवठ्यावर नको असतो, सकाळच्या एसटीत शेजारी नको असतो. या गोष्टी आधी कळल्या तर पाळता येतात. पोलीस ठाण्यात हजेरीला दुपारच्या गाडीने जा, एवढं सांगून एकदा एक भांडण टळलेलं मी पाहिलंय.

कोविड आठव. मे २०२० मध्ये नियम बदलला आणि लोक पंचेचाळीस दिवसांच्या आपत्कालीन पॅरोलवर घरी आले. मग तीस-तीस दिवसांनी मुदत वाढत गेली, २०२२ च्या मे महिन्यात बोलावणं येईपर्यंत. कुणी टपरी टाकली, कुणी मुलीचं लग्न लावलं, कुणाच्या घरी पाळणा हलला. तेव्हा घरांना तयार करायला कुणालाच सवड नव्हती, आणि परत पाठवताना तर त्याहून नव्हती. जे परतले नाहीत त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्यांच्या बायकांशी आधी कुणी बोललं असतं तर, ही खंत मला आहे. पण त्या काळात मी गावोगाव फोन लावत होते आणि आपल्यातले बरेच जण वेबिनार घेत होते, हेही लिहून ठेवते.

संस्था का काढली नाही, हा तुझा शेवटचा प्रश्न मला झोंबला. संस्था काढली की अहवाल येतो, अहवालात ‘लाभार्थी’ येतात, आणि ओसरीवर घालवलेल्या दुपारीला रकाना नसतो. माझ्याच्याने ते झालं नसतं. तुला जमत असेल तर जरूर काढ, पण दुपार सोडू नकोस. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ पासून कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात, भिंतीशिवाय. औंध संस्थानाला जे तेव्हा सुचलं, ते आपल्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, याचा मला राग येतो. असो.

आता कामाचं. तो आत गेलाय तरी घर तिथेच आहे, तेव्हा या रविवारी जा. भावाला एकट्याला भेट आणि सातबारा हातात घेऊनच बोल. बायकोला पैशांची नड असेल तर येरवडा जेलमध्ये २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ कर्जाची चौकशी कर: पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, परतफेड कैद्याच्या मजुरीतून. मात्र आधी तिला विचार, तिला ते कर्ज हवंय का. पोराला बाप कुठे आहे हे कोण सांगणार ते घरातच ठरू दे, तू सांगू नकोस. फर्लोचा अर्ज पडेपर्यंत तुझ्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या असू देत. मग मला पत्र लिही, आणि त्यात तुला काय वाटलं ते कमी, बायको काय म्हणाली ते जास्त लिही.

तुझी,
मावशी