आधी दगड उलटून बघ

प्रिय,

नदीकाठचा कचरा उचलायला माणसं जमवलीस, छान केलंस. उचलाच. पण काठ चकाचक झाला म्हणजे नदी बरी झाली, असं धरून चालू नकोस. प्लास्टिक डोळ्यांना खुपतं. माशांचा जीव घेणारं बरंचसं मात्र पाण्यात विरघळलेलं असतं.

पुढच्या खेपेला पाणी उथळ आणि खळाळतं असेल तिथे उतर आणि तळाचा एक दगड उलटून बघ. शेपटाला दोन-तीन धागे असलेली, पोटाच्या कडेचे कल्ले हलवणारी मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं दिसतात का? वाळूच्या कणांची नळी करून तीत राहणाऱ्या, कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळ्या? या मंडळींना भरपूर प्राणवायू लागतो. त्या नसतील आणि गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील तर समज, पाणी गुदमरलंय. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. कमी प्राणवायूवर तगायची त्यांची सोय. बघून झालं की दगड होता तसा ठेव.

प्राणवायू मोजायचा तो पहाटे. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेही इतरांसारखं तो वापरतं, म्हणून उजाडायच्या आधी पातळी सर्वांत खाली असते. दुपारचा आकडा दाखवून कुणी तुझी समजूत काढायला लागलं, तर पहाटेचा माग. तापमानही टिपून ठेव. १० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. काठची झाडं तोडून फरशा बसवणाऱ्यांना हे जरूर ऐकव. सावली गेली की पाणी तापतं.

नदी सरळ करायचा मोहही असाच महागात पडतो. फ्लोरिडातल्या किसिमी नदीची १६६ किलोमीटरची वळणं १९६२ ते १९७१ दरम्यान ९० किलोमीटरच्या कालव्यात कोंबली. पूर आवरला, पण पाणथळी सुकल्या आणि पाणपक्षी गेले. मग १९९९ पासून त्याच कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं वाहती करावी लागली. खर्च दोनदा!

मासे सोडायचा कार्यक्रम तूर्त रद्द कर, फोटो कितीही छान येणार असले तरी. त्याऐवजी दगड उलटत वरच्या अंगाला चालत जा. ज्या नाल्याच्या वर मेफ्लाय आहे आणि खाली नाही, त्या नाल्यात काय सोडलं जातंय ते आधी शोध. झाडं लावायची ती त्यानंतर.