सातवीच्या मुलांना शिकवायला जाणारेस ना, मग हे वाच

अगं पहिल्याच दिवशी सातवीचं पुस्तक उघडू नकोस. आधी 52 वजा 27 करायला दे आणि नुसतं बघ, बरीच मुलं खालच्या 7 मधून वरचे 2 काढतात आणि 35 लिहून मोकळी होतात, म्हणजे घोळ दुसरी-तिसरीतलाच आहे. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्या करून दाखव, लगेच टोकू नकोस. वाचायला मात्र दुसरीचं पुस्तक अजिबात नको, या वयात मनाला फार लागतं ते, त्यापेक्षा क्रिकेटची बातमी दे. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, फेरपरीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं, म्हणून सातवीतच पाया पक्का कर. आणि ठरलेला वार चुकवू नकोस, जमणार नसेल तर आधी सांग, पोरं खरंच वाट बघतात गं.