तक्त्यावरची पेन्सिल

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. साहित्याच्या इतिहासाच्या पेपरात शंभरपैकी ४६ मिळाले. मी सगळ्या कालखंडांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय (फोटो जोडला आहे). रोज रात्री नऊला सनावळ्या म्हणवून घेतो, चुकली की पहिल्यापासून. तिला नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) देऊन प्राध्यापक व्हायचंय. आणखी काय करू? – एक वडील

उत्तर : नमस्कार. ४६ गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती रात्रीच्या नऊची. वीस वर्षांची मुलगी वडिलांसमोर उभं राहून १०६६, १६६०, १७९८ असं पाढ्यांसारखं म्हणते आणि अडखळली की पुन्हा पहिल्यापासून! अशानं विषयाची धास्ती बसते. तुमची तळमळ खरी आहे, दोन रंगांच्या स्केचपेननं आखलेल्या त्या रेघांवरूनच ती कळते. तरीही हे थांबवा. आजपासून.

आता तोच फोटो जरा मोठा करून बघा. ‘रोमँटिक, १७९८ ते १८३२’ (भावना आणि कल्पनाशक्तीला मान देणारा काळ) या चौकटीच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलंय : ‘ऑस्टिन इथे कशी?’ म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिन. ते अक्षर तुमचं नाही.

एका राजाची गादी गेली की दुसऱ्याची यावी, तसे साहित्याचे कालखंड ठरल्या तारखेला बदलतात असं तुम्ही धरून चालला आहात. यातली कितीतरी नावं मागाहून दिलेली आहेत. १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ हा कवितासंग्रह काढताना वर्डस्वर्थ आणि कोलरिज स्वतःला रोमँटिक कवी म्हणवत नव्हते. तुमच्या तक्त्यात १८३२ ला संपलेला वर्डस्वर्थ १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा राजकवी झाला आणि १८५० पर्यंत जगला. मिल्टनचं महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७ चं, म्हणजे इंग्लंडमध्ये १६६० ला राजेशाही परत आल्याला सात वर्षं झाली होती; तरी कित्येक पुस्तकं त्याला आधीच्या प्युरिटन (कडव्या धर्मसुधारकांच्या) काळातच बसवतात. ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ ची. साल ऐन रोमँटिक काळातलं, पण तिची नेमकी, तोलून लिहिलेली वाक्यं आणि भावनेच्या उमाळ्यांकडे बघण्याची सावध नजर अठराव्या शतकाला जवळची. तुमच्या मुलीला हेच खटकलंय, तेही कुणी न सांगता. वर्गात असा प्रश्न विचारणारी मुलं फार थोडी असतात हो.

नेटचं किंवा सेटचं (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) म्हणाल तर प्राध्यापक व्हायला एम.ए.ला ५५ टक्केही लागतात (खुल्या गटासाठी) आणि ही परीक्षाही. परीक्षेत कालक्रमाचे प्रश्न येतात, पण पुस्तकं वाचलेली असली की साल आपोआप लक्षात राहतं. तिला आधी ऑस्टिनची एक अख्खी कादंबरी वाचू द्या, मध्ये काही न विचारता.

आणि प्राध्यापक व्हायचंय असं ती म्हणते, की तुम्ही? दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.