जेटची रेडिओ चमक बदलली, असं म्हणण्याआधी

दोन तारखांना मोजलेल्या रेडिओ चमकेच्या आकड्यांत फरक दिसला की लगेच जेट (दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवराजवळून सुटणारा वेगवान झोत) पेटला किंवा विझला असं धरू नका. आधी अ‍ॅरेची, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अँटेनांच्या समूहाची, रचना बघा. व्हीएलए ही अमेरिकेतली रेडिओ दुर्बीण आधी डी रचनेत (अँटेना जवळजवळ) आणि नंतर ए रचनेत (अँटेना दूरदूर) असेल, तर पहिल्या वेळी गाभ्याभोवतीचं पसरलेलं उत्सर्जनही मोजलं जातं आणि पुढच्या वेळी गाभा मंदावल्याचा भास होतो. दोन्हीकडे यूव्ही-मर्यादा (अँटेनांमधल्या कोणत्या अंतरांचा डेटा वापरायचा ती मर्यादा) आणि बीम (नकाशातला सर्वांत लहान ठिपका) सारखे करा, मगच तुलना. फ्लक्स कॅलिब्रेटर, म्हणजे चमक मोजायला माप म्हणून वापरायचा ज्ञात स्रोत, ३सी २८६ घ्या. ३सी ४८ हा दुसरा नेहमीचा कॅलिब्रेटर टाळा, त्यात २०१८ च्या सुमारास स्वतःचाच भडका सुरू झाला. नकाशातल्या नॉइजमध्ये कॅलिब्रेशनची सुमारे ५ टक्के त्रुटीही मिळवा. बहुतेक 'शोध' इथेच गळतात.

दोन-तीन बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) एकाच दिवशी घ्या. नवा, दाट जेट स्वतःचंच उत्सर्जन शोषतो, त्यामुळे वाढ १५ गिगाहर्ट्झला आधी आणि ५ ला मागाहून दिसते. कमी फ्रिक्वेन्सीवर तासा-दिवसांतली चढउतार मात्र बरेचदा आपल्याच आकाशगंगेतल्या आयनित वायूमुळे होणारी लुकलुक असते.

१ईएस १९२७+६५४ ही दीर्घिका दृश्य प्रकाशात २०१७ च्या अखेरीस उजळली, रेडिओत भडकली २०२३ मध्ये. म्हणून सहा महिने काही दिसलं नाही तरी दर दोन-तीन महिन्यांनी छोटं निरीक्षण चालू ठेवा.